उस्ताद, शागिर्द आणि बारा-तेराचा पान्हा

माणसांना वर्गात बसवून शिकवू नका, काम करता करता शिकू द्या. छोटा गट करा, चूक दिसली की तिथल्या तिथे सुधारा. कंपन्यांमध्ये सध्या ही भाषा फार चालते. २००१ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा लिहिला आणि पुढे हे वारं कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागापर्यंत पोहोचलं. कारंज्याच्या एखाद्या गॅरेजवाल्याला हे नवं म्हणून सांगितलं तर तो हसेल.

अकबराच्या काळात आपलं वाशिम 'बासिम' नावाने वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. त्या शतकांत फारसीतून जे शब्द मराठीत आले ते फक्त दरबाराचे नव्हते. उस्ताद, शागिर्द, कारागीर, कारखाना, दुकान, दर्जी हे सगळे हाताच्या कामाचे शब्द. मिस्त्री तेवढा पोर्तुगीजांकडचा. शब्द रुजला म्हणजे त्यामागची रीतही रुजली, असं मी समजतो.

ती रीत कशी, ते शिंप्याच्या दुकानात नीट दिसतं. नवा पोरगा आधी इस्त्री करतो, काज-बटण लावतो, तुरपाई करतो. मग मशीन. कात्री हातात येते ती सर्वांत शेवटी. म्हणजे कपडा जिथे संपतो तिथून शिक्षण सुरू होतं. बटण वाकडं लागलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गिऱ्हाइकाला भरून द्यावं लागतं. शिवाय शंभर सदरे इस्त्री केले की सदरा कुठे कुठे जोडलेला असतो ते बोटांना कळतं.

जीन लेव्ह या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात लायबेरियाच्या मनरोव्हिया शहरात वाय आणि गोला जमातींच्या शिंप्यांमध्ये राहून नेमका हाच क्रम टिपला. हे शिंपी बहुतेक मुसलमानच. १९९१ साली एटिएन वेंगर यांच्यासोबत त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि कामातून शिकण्याच्या आजच्या सिद्धांतावर त्याचा मोठा प्रभाव आहे. गॅरेजातला बारक्या 'बारा-तेराचा दे' म्हटल्यावर न बघता तो पान्हा उचलतो, तेव्हा तोही त्याच वाटेवर असतो.

पण ही रीत बाजारापुढे टिकतेच असं नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मागोमाग रेल्वे आली, जिनिंग आली, नंतर कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी गाडीही आली. सरकी काढायची हातचरखी त्यात मागे पडली. पिंजाऱ्याच्या धुनकीला गाद्या-रजया तेवढ्या उरल्या. धुनकीची तात किती ताणायची आणि ठोका कुठे द्यायचा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बापाने मुलाला दाखवलं तेवढंच.

शागिर्दीचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट टाळतो. शागिर्दाला वर्षानुवर्षं पगार नसायचा, मार मात्र असायचा. मुलीला तर उस्तादच मिळत नसे. शाळा सुटली ती वेगळीच. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने शिकाऊ कामगाराला विद्यावेतनाचा हक्क दिला, पण तो कायदा आस्थापनांसाठी. पत्र्याच्या शेडमधल्या दुकानाला तो कधी लागलाच नाही. त्यामुळे वीस वर्षं इंजिन उघडणाऱ्या माणसाकडे दाखवायला एक कागद नसतो. आखातात नोकरी मागा की बँकेत कर्ज मागा, सवाल तिथेच अडतो.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेने अशा काही माणसांना प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देऊ केलं. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,०००, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. योजनेत १८ कामं आहेत. शिंपी आहे, लोहार आहे, गवंडी आहे. पिंजारी नाही, गॅरेजचा मिस्त्रीही नाही. जे बसतात त्यांनी आधार घेऊन सीएससी केंद्रावर नोंद करावी. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा नाव कुणाचं घालायचं हे घरात आधी ठरवून जा.