ताटातूट झालेली भावंडे

१८५४ सालच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील चाळीसएक मुलांची एक तुकडी मिशिगन राज्यातील डोवाजियाक या लहानशा गावी येऊन उतरली. चार्ल्स लोरिंग ब्रेस याने आदल्याच वर्षी स्थापन केलेल्या ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ने ती पाठविली होती. पुढे इतर संस्थांनीही हाच मार्ग धरला, आणि १९२९ पर्यंत २ लाखांवर मुले अशा गाड्यांतून पश्चिमेकडे गेली. त्यांतील कित्येक अनाथ नव्हतीच. गरिबीने खचलेली एखादी आई मागे राहिलेली असे.

गाव आले की चर्चमध्ये नाहीतर नाटकगृहात मुलांना रांगेने उभे करीत. शेतकरी येत, दंड चाचपून पाहत. शेतावर खपेल असा बारा वर्षांचा भाऊ एका गावी उतरे. चार वर्षांची बहीण गाडीत बसून पुढल्या गावी, कधी पुढल्या राज्यात जाई. तिचे आडनाव बदले आणि माग तेथेच बुजे. १९८०च्या दशकात या प्रवाशांचे मेळावे भरत, तेव्हा सत्तरी ओलांडलेली माणसे अजून भावंडांचा शोध करीत होती!

ब्रेसला निर्दय म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. अनाथालयापेक्षा शेतकऱ्याचे घर बरे, ही त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. मात्र जुन्या वस्तीतील घाणीबरोबर जुनी नातीही सुटलेली बरी, असे त्याने गृहीत धरले.

१८९९ साली शिकागोत बालन्यायालय निघाले. तेथेही वाद असे तो सरकार, आईबाप आणि मूल यांचा. भावाला बहिणीविषयी काही म्हणायचे असेल, हे कोणाच्या ध्यानी येईना. इंग्रजीतला ‘सिब्लिंग’ हा शब्ददेखील विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी जुन्या शब्दभांडारातून उकरून काढलेला. आपल्याकडे ‘भावंडे’ म्हटले की झाले, आणि भाऊबीजेला बहिणीच्या पाटावर बसायला कोणा न्यायाधीशाची परवानगी लागत नाही.

अमेरिकेत ती लागते. २००८ सालच्या संघीय कायद्याने प्रथमच राज्यांवर बंधन घातले: सांभाळास दिलेली भावंडे एकत्र ठेवण्याचा वाजवी प्रयत्न करा, ते न जमले तर त्यांच्या वारंवार भेटी घडवा, मुलाच्या सुरक्षिततेला वा हिताला बाध येत असेल तरच सूट. कॅलिफोर्नियात तर भावंडाला स्वतः न्यायालयाकडे भेटीचा अर्ज करता येतो.

परंतु हुकूम निघाला म्हणजे भेट झाली, असे नाही. दोन घरांत शंभर मैलांचे अंतर, मुलाला मोटारीतून नेणारी समाजसेविका एकच, आणि तिच्याकडे प्रकरणे अनेक. मग भेट व्हायची ती कचेरीतल्या खोलीत, घड्याळ लावून. त्यात एखादे पोषक कुटुंब म्हणते, भेटीनंतर मूल रात्रभर रडते, तेव्हा भेटी थांबवा. रडणे हे भेटीविरुद्धचे प्रमाण कसे, हे मला तरी उमगत नाही.

खरी पंचाईत दत्तविधानाच्या वेळी होते. २००३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, भावंडांच्या नात्यापायी दत्तविधान अडवायचे की नाही, हे पाहताना केवळ दत्तक जाणाऱ्या मुलाचे हित पाहावे. मागे राहणाऱ्या भावंडाचे नव्हे. निर्णय कायद्याच्या शब्दांना धरूनच होता. दत्तविधान पुरे झाल्यावर भेटी बव्हंशी नव्या आईबापांच्या राजीखुशीवर राहतात, आणि मागे उरलेला भाऊ कायद्याने तिचा कोणीच नसतो.