अर्धसूत्री विभाजन

अर्धसूत्री विभाजन ही लैंगिक प्रजनन करणाऱ्या सजीवांमधील पेशीविभाजनाची एक प्रक्रिया आहे. तिच्यात एका द्विगुणित पेशीपासून चार एकगुणित पेशी तयार होतात, म्हणजेच गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. प्राण्यांमध्ये या प्रक्रियेतून युग्मके, तर वनस्पतींमध्ये बीजाणू तयार होतात. मानवाच्या बहुतेक कायिक पेशींत ४६ गुणसूत्रे (२३ जोड्या) असतात. शुक्राणूत व अंडपेशीत मात्र २३ असतात. फलनानंतर ही संख्या पुन्हा ४६ होते. ही घट झाली नसती, तर प्रत्येक पिढीत गुणसूत्रे दुप्पट होत गेली असती.

इतिहास

बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ एदुआर फान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये घोड्याच्या आतड्यातील जंतांच्या अभ्यासातून, फलनाच्या वेळी शुक्राणू व अंडपेशी सारख्याच संख्येने गुणसूत्रे देतात, असे दाखवले. जर्मन जीवशास्त्रज्ञ आउगुस्ट वाइसमान यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुणसूत्रसंख्या स्थिर राहण्यासाठी ही घट आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. १९०५ मध्ये फार्मर व मूर यांनी या प्रक्रियेला ‘घट’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले.

सूत्री विभाजनाशी तुलना

दोन्ही प्रक्रियांपूर्वी डीएनएचे एकदाच द्विगुणन होते. त्यामुळे प्रत्येक गुणसूत्रात एकमेकांना जोडलेली दोन एकसारखी अर्धगुणसूत्रे असतात. फरक पुढे दिसतो.

सूत्री विभाजनात पेशी एकदाच विभागते. प्रत्येक गुणसूत्र स्वतंत्रपणे पेशीच्या मध्यावर येते, त्याची अर्धगुणसूत्रे विलग होतात आणि मूळ पेशीसारख्याच दोन जन्यपेशी तयार होतात. शरीराची वाढ व झीज भरून निघणे या विभाजनावर अवलंबून असते. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी ते सूक्ष्मदर्शकाखाली सहज पाहता येते.

अर्धसूत्री विभाजनात पेशी दोनदा विभागते.

• पहिला टप्पा: मातेकडून व पित्याकडून आलेली समजात गुणसूत्रे जोडीने एकत्र येतात व आपापसांत काही भागांची अदलाबदल करतात. त्यानंतर अर्धगुणसूत्रे विलग न होता जोडीतील संपूर्ण गुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे जातात. संख्या निम्मी होते ती याच टप्प्यात.

• दुसरा टप्पा: हा सूत्री विभाजनासारखा असून त्यात अर्धगुणसूत्रे विलग होतात.

कोणत्या जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या ध्रुवाकडे जाईल, हे इतर जोड्यांवर अवलंबून नसते. मानवाच्या २३ जोड्यांपासून अशा प्रकारे ८३,८८,६०८ वेगवेगळे संच संभवतात. भागांच्या अदलाबदलीमुळे ही विविधता आणखी वाढते. म्हणूनच एकाच आईवडिलांची भावंडे एकमेकांपासून भिन्न असतात.

स्त्री व पुरुषांतील फरक

पुरुषांमध्ये ही प्रक्रिया यौवनावस्थेत सुरू होते आणि एका पेशीपासून चार शुक्राणू मिळतात. स्त्रियांमध्ये ती जन्मापूर्वीच सुरू होऊन पहिल्या टप्प्याच्या पूर्वावस्थेत थांबते. यौवनावस्थेनंतर अंडमोचनाच्या सुमारास ती पुढे सरकते व शुक्राणूने प्रवेश केल्यावरच पूर्ण होते. यातून एकच मोठी अंडपेशी तयार होते. उरलेल्या पेशी लहान ध्रुवीय पिंडांच्या रूपात नष्ट होतात.

विभाजनातील दोष

गुणसूत्रे योग्य रीतीने विलग झाली नाहीत, तर युग्मकात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी येते. अशा अनेक गर्भांचा गर्भपात होतो. २१ व्या क्रमांकाची तीन गुणसूत्रे असल्यास डाऊन सिंड्रोम होतो. झेरोम लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हा संबंध प्रसिद्ध केला. अंडपेशी अनेक वर्षे थांबलेल्या अवस्थेत राहत असल्याने मातेच्या वाढत्या वयाबरोबर अशा दोषांची शक्यता वाढते.

जोड्या नीट जुळत नसल्यास प्रजननक्षमताच संपुष्टात येऊ शकते. घोड्याची ६४ व गाढवाची ६२ गुणसूत्रे असल्याने खेचराला ६३ मिळतात आणि ते सहसा वांझ असते. लागवडीखालील बहुतेक केळी त्रिगुणित असून त्यांत ३३ गुणसूत्रे असतात. तीन संचांची समान वाटणी होऊ शकत नाही. केळ्यात बिया नसण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे जळगावसारख्या केळी उत्पादक जिल्ह्यांत लागवड बियांपासून न करता मुनवे किंवा ऊतिसंवर्धित रोपे वापरून, म्हणजे सूत्री विभाजनाच्या आधारे केली जाते.