मुरूम, सिमेंट, गट्टू आणि खराटा

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. बांधकामाचा आणि कार्यकारिणीचा इतिहास या स्मरणिकेत येईलच. मी आपल्या आवाराच्या खराट्याचा इतिहास लिहितो.

आपण राहायला आलो तेव्हा आवारात नुसता मुरूम होता. कळमना मार्केटला जाणारे धान्याचे, मिरचीचे ट्रक दिवसभर धूळ उडवायचे. मुरमावर चालतो तो तुराट्यांचा खराटा. तूर झोडून झाली की कास्तकार बारीक तुराट्या एका टोकाला करकचून बांधतो. दुसरं टोक पंख्यासारखं पसरतं. ताठ काड्या पालापाचोळा ओढतात, मुरूम जागेवरच राहतो. पुढे सिमेंटचा रस्ता झाला. काड्यांच्या फटींतून बारीक धूळ मागे राहू लागली, म्हणून शिंदीच्या पानांचा फडा आला. मग गट्टू बसले आणि हातभर रुंद, लांब दांड्याचा नायलॉनचा झाडू आला. गट्टूंच्या सांध्यातली माती काढायला मात्र अजूनही खराटाच लागतो.

खराट्याला मान मिळवून दिला तो आपल्याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला त्यांचा जन्म झाला. गावात शिरले की आधी हाती खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्याला त्यांचंच नाव दिलं.

योगायोग असा, की १८७६ सालीच अमेरिकेत मेलविल बिसेल यांनी गालिचे झाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दांडा धरून उभ्यानं ढकलायचं ते यंत्र! तिकडे झाडणाऱ्याची कंबर तेव्हाच सरळ झाली. आपल्या आवारात त्याला फार उशीर लागला आणि त्यात माझाही हात आहे.

मी तेव्हा खजिनदार होतो. लांब दांड्याच्या झाडूचा विषय सभेत निघाला तेव्हा "आहे त्यात काम भागतं, खर्च कशाला?" म्हणून मीच तो मागे ठेवला. बँकेतली सवय, दुसरं काय! एका सकाळी पाहिलं तर झाडणाऱ्या मावशींनी खराटा वेळूच्या काठीला सुतळीनं बांधला होता. विचारलं तर म्हणाल्या, "साहेब, आंगण झाडून होते, पण मंग कंबर उभी होत नाही जी."

पुढच्याच सभेत मी स्वतः तो खर्च मांडला. उभ्या हयातीत बरीच कर्जं मंजूर केली, पण इतक्या थोड्या पैशांत इतका मोठा परतावा कुठेच पाहिला नाही.

मावशी आजही सहाच्या आधी येतात. आपण दार उघडतो तेव्हा आवार स्वच्छ असतं, म्हणून झाडणारी दिसत नाही. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी पहिली शाल आणि श्रीफळ त्यांना द्यावं, एवढी माझी सूचना आहे. या वेळी खजिनदारांनी हरकत घेऊ नये.