आधी मोजले ते मेलेले

उल्हासनगरच्या आकाशात घारींना तोटा नाही. कचऱ्याच्या ढिगावर, मटणाच्या दुकानांवर, रेल्वेच्या तारांवर त्या दिवसभर घिरट्या घालत असतात आणि खालचं कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. त्यामुळे शिकारी पक्षी मोजायला माणसं दुर्बीण घेऊन डोंगरावर बसतात असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : घारी कसल्या मोजायच्या? प्रश्न रास्त आहे. गावातल्या घारी मोजायच्याच नसतात. मोजायचे ते वाटसरू. ससाणे, भोवत्या, मधुबाज, गरुड : हिवाळ्यात दक्षिणेला उतरणारे आणि उन्हं तापायला लागली की उत्तरेला परतणारे.

ही मोजायची रीत फार जुनी नाही, आणि तिचं कूळ सोवळं तर मुळीच नाही. ती बंदुकीच्या घरात जन्मली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये किटाटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे. वारा तिच्या अंगावर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर पंख टाकून शिकारी पक्षी शरद ऋतूत शेकड्यांनी दक्षिणेकडे सरकतात. पंख हलवायचे श्रम वाचतात म्हणून ते कड्याला चिकटून उडतात, अगदी माणसाच्या डोक्यावरून. बंदूकवाल्यांना आणखी काय हवं? रविवारी माणसं मोटारी घेऊन यायची, खडकावर बसायची आणि दिसेल तो पक्षी पाडायची. हे पक्षी कोंबड्या पळवतात, शिकारीची पाखरं खातात, म्हणून ते मारणं पुण्यकर्मच समजलं जाई. 1929 साली तर राज्य सरकारनं गॉसहॉक जातीच्या पक्ष्यामागे 5 डॉलरचं बक्षीस लावलं. पुढे मंदी आली, लोकांच्या हाताला काम राहिलं नाही. त्या दिवसांत 5 डॉलर थोडे नव्हते.

1932 मध्ये रिचर्ड पॉ नावाचा तरुण तिथे गेला. त्यानं खालच्या जंगलात पडलेली कलेवरं गोळा केली, ओळीनं मांडली आणि फोटो काढले. त्या डोंगरावरची पहिली मोजदाद म्हणायची तर हीच. फोटो न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्यापर्यंत पोचले. स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी लढलेल्या या बाई ठराव करून गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. 1934 मध्ये त्यांनी डोंगराची सुमारे 1,400 एकर जागा भाड्यानं घेतली, पुढे विकतच घेतली, आणि मॉरिस ब्राउन व त्यांची पत्नी अर्मा यांना राखणीला बसवलं. हॉक माउंटन ते हेच. बंदूकवाल्यांना वाटेवरून परत पाठवायचं, हे खरं काम. मोजणी हा त्यातला रिकामा वेळ घालवायचा उद्योग. मॉरिस वर खडकावर बसून जाणारा प्रत्येक पक्षी वहीत टिपू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले ती वर्षं सोडली तर टिपतच राहिले.

या वहीचं मोल कळायला पंचवीस वर्षं लागली. 1935 ते 1939 या काळात तिथून गेलेल्या टकल्या गरुडांपैकी सुमारे 40 टक्के त्या-त्या वर्षीची पिल्लं होती. 1955 ते 1959 मध्ये पिल्लं 20 टक्क्यांवर आली. 1957 साली तर 32 प्रौढ गरुडांमागे एक पिल्लू. मोठे गरुड दिसत होते, म्हणून वरवर सगळं ठीक होतं. पण घरटी रिकामी जात होती. रेचल कार्सन यांनी 1962 च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध जी साक्ष उभी केली, तिच्यात हे ब्राउन यांचे आकडे आहेत. नुसती 'पक्षी कमी झालेत हो' अशी हळहळ कुणी ऐकून घेतली नसती.

तंत्र मात्र सावकाश घडलं. पूर्वी जात ओळखायची तर पक्षी हातात, म्हणजे मेलेला, लागे. डोंगरावरून तो पोटाकडून, उन्हाविरुद्ध, दीड सेकंद दिसतो. तेव्हा पिसांचे रंग सोडून आकार बघायला मोजणाऱ्यांनी शिकून घेतलं. शेपटीला खाच असली तर घार. पंख वर उचलून, डुलत, शेतावरून खालून जातो तो भोवत्या. टोकदार पंख मारत सरळ निघतो तो ससाणा. लांब मानेवर छोटं डोकं पुढे काढलेलं असेल तर मधुबाज. 1974 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मोजणाऱ्यांची संघटना झाली आणि तासागणिक भरायचा एकच तक्ता ठरला : वारा, ढग, तापमान, पक्षी.

वसंतातली मोजणी ही याच घराण्यातली धाकटी पाती. शरदातली मोजणी म्हणजे त्या वर्षीच्या पिकाची. वसंतातली म्हणजे कणगीत बियाण्याला उरलेल्या दाण्यांची. तिचं मोठं ठाणं इस्राएलमधलं एलात. हवेच्या उबेवर तरंगणारे पक्षी शक्यतो समुद्र टाळतात, म्हणून आफ्रिकेतून परतताना ते या चिंचोळ्या जमिनीवर गर्दी करतात. 1985 च्या वसंतात तिथे एकट्या युरोपीय मधुबाजांची संख्या साडेआठ लाखांच्या घरात भरली. तिथल्या हवाई दलानंही या मोजणीत लक्ष घातलं, कारण लढाऊ विमानावर गरुड आदळला तर विमान जातं.

आपल्याकडे काय होतं? रत्नागिरीकडे नोकरीला असलेल्या जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी 1880 मध्ये दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी छापली. 1936 पासून सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई-साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. कोणते पक्षी, कुठे, कधी, हे त्यांतून कळतं. किती, याला 'नेहमीचा', 'क्वचित' अशीच उत्तरं. आकड्याची किंमत आपल्याला गिधाडांनी शिकवली. भरतपूरला पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी 1987-88 मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची 353 घरटी मोजून ठेवली होती, म्हणून 1996 च्या सुमाराला ती 150 वर आल्याचं ध्यानात आलं. जुना आकडा नसता तर गिधाडं कुठे तरी दुसरीकडे गेली असतील, असंच सगळे म्हणाले असते. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांना मारत होतं; 2006 मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली.

आणि वाटसरूंच्या बाबतीत तर किटाटिनीचीच गोष्ट नागालँडात जशीच्या तशी घडली. 2012 च्या शरदात दोयांग जलाशयाच्या काठी पांगती गावात अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांनी धरले जात होते. तिथे पोचलेल्या पक्षीसंवर्धकांच्या चमूत बानो हरालू, रामकी श्रीनिवासन यांच्याबरोबर आपले शशांक दळवीही होते. जाळी लावणारे किती, प्रत्येकाची रोजची पकड किती, यावरून त्यांनी हिशेब मांडला : एका हंगामात 1,20,000 ते 1,40,000 पक्षी. इथेही आधी मोजले ते मेलेलेच. तो आकडा आणि चित्रफीत बाहेर आली, गावकऱ्यांनी आणि चर्चनं मनावर घेतलं, आणि पुढच्या वर्षी जाळी लागली नाहीत. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर माग काढणारी 5 ग्रॅमची उपकरणं बसवून त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावं दिली. दीडशे ग्रॅमचा हा पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो, हे घराघरांत कळलं ते त्यानंतर. एप्रिलअखेर ते मेमध्ये तो त्याच समुद्रावरून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे परततो. जाताना लोणावळ्याच्या माळावर त्याला बघायला कॅमेरेवाल्यांची रांग लागते. परतीच्या वेळी मात्र सगळे आंब्यात गुंतलेले.

आता आपला डोंगर. मलंगगड, तावली, चंदेरी, नाखिंद, पुढे माथेरान : अंबरनाथ-बदलापूरच्या पश्चिमेला उभी असलेली ही रांग दक्षिणोत्तर आहे आणि दुपारनंतरचा समुद्रावरचा वारा तिच्यावर आडवा येतो. एप्रिलात दहाच्या सुमाराला काळा कातळ तापतो, हवा वर चढू लागते, आणि आधी घारी गिरक्या घेत उठतात. वाटसरू आले तर त्यांच्यातच मिसळून येणार. म्हणून नियम साधा आहे. गिरकीत असलेला पक्षी मोजायचा नाही; तीच घार तीनदा मोजली जाते. गिरकीतून सुटून तो पंख ताणून एका दिशेला घसरत निघाला, आणि तावली ते चंदेरी अशी मनात आखलेली रेषा ओलांडून उत्तर-पूर्वेला गेला, तरच बोटातल्या मोजणी-यंत्राची कळ दाबायची. परत फिरला तर वजा.

बदलापुरात आता प्रत्येक बिल्डर 'निसर्गाच्या सान्निध्यात' घरं विकतो. वीस-बावीस मजले चढले आहेत, गच्चीवरून सगळी रांग समोर दिसते, लिफ्ट आहे, पाण्याची टाकी सावलीला आहे. रोझली एज बाईंना यासाठी डोंगर विकत घ्यावा लागला होता. तेव्हा वाचकहो, येत्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत जमेल त्या रविवारी दहा ते तीन गच्चीत बसा. दुर्बीण, वही, टोपी, पाणी एवढं पुरे. दुर्बीण सूर्याकडे कधी धरू नका. तारीख, तास, वारा आणि संख्या लिहा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. एकही वाटसरू आला नाही, तर त्या तासापुढे शून्य लिहायला विसरू नका. रकाना कोरा सोडला तर तिथे कुणी बसलंच नव्हतं असा अर्थ होतो.