जागा भाड्याने देणे आहे

मुंबईत भाड्याची जागा शोधत होते तेव्हा एजंटचा पहिला प्रश्न बजेटचा नसायचा, आडनावाचा असायचा. दुसरा खाण्यापिण्याचा. त्याच दिवसांत भाचीला वाचून दाखवायला म्हणून एका हिब्रू गोष्टीचं इंग्रजी भाषांतर हाती आलं. लेआ गोल्डबर्ग यांची ‘दिरा लेहासकीर’, म्हणजे ‘जागा भाड्याने देणे आहे’. इस्राएलमध्ये ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचून दाखवतात.

द्राक्षमळे आणि शेतांमध्ये उभी असलेली एक पाच मजली इमारत. पहिल्या मजल्यावर लठ्ठ कोंबडी, दिवसभर अंथरुणात. दुसऱ्यावर कोकिळा; तिची पोरं दुसऱ्यांच्या घरी वाढताहेत. तिसऱ्यावर गळ्यात रिबीन बांधलेली टापटीप काळी मांजर. चौथ्यावर खुशीत कवचं फोडत बसलेली खार. पाचव्यावर उंदीरमामा राहायचे. आठवड्यापूर्वी ते सामान बांधून निघून गेले. कुठे, का, कोणालाच ठाऊक नाही.

शेजारी पाटी लावतात आणि जागा बघायला एकेक जण येतो. खोल्या पसंत, स्वयंपाकघर पसंत, पण मुंगीला आळशी कोंबडी खपत नाही, सशाला पोरं टाकणारी कोकिळा. डुकराला काळ्या मांजरीच्या शेजारी राहायचं नाही, कारण ती काळी. बाकीचे आपणहून जातात. डुकराला मात्र शेजारीच घालवून देतात. बुलबुलाला खारीचा आवाज सोसत नाही. शेवटी कबूतर येतं. त्याला जागा फारशी आवडत नाही, शेजारी आवडतात, आणि ते राहतं. (दादरच्या वाचकाला कबुतराचं हे स्वागत वाचून गंमत वाटेल.)

गोल्डबर्ग 1911 साली क्योनिग्जबर्गला जन्मल्या, लिथुआनियात वाढल्या, 1933 साली बॉनला डॉक्टरेट मिळवली आणि 1935 साली तेल अविवला आल्या. ही गोष्ट प्रथम ‘दवार लिलादीम’ या मुलांच्या साप्ताहिकात 1948 साली आली, पुस्तक 1959 साली. ते 1948 साल मला बाजूला ठेवता येत नाही. त्या वर्षी इस्राएल जन्मलं, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांपासून तुटले, आणि 1951 अखेरपर्यंत जवळपास तितकेच ज्यू स्थलांतरित आले. हैफा-याफामधल्या रिकाम्या घरांत नवी बिऱ्हाडं राहायला आली. गोष्टीत याचा उल्लेख नाही, आणि उंदीरमामांना ओढून-ताणून रूपक करायची माझी इच्छा नाही. पण आधी कोण राहत होतं हे कबूतर विचारत नाही, हे वाचताना खटकतंच. रशियन लोककथा ‘तेरेमोक’मध्ये तर बहुतेक वेळा उंदरीणच घरात पहिली शिरते आणि मग येईल त्याला आत घेते. इथे घर तिच्याच जातभाईने सोडलंय.

त्या स्थलांतरितांत आपल्या कोकणातले बेने इस्राएलही होते. घरात मराठी बोलणारे, गावात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे. वर्णावरून आणि नोकऱ्यांवरून आपल्याला दुजाभाव मिळतो, भारतात परत पाठवा, असं म्हणत त्यांच्यातल्या काहींनी 1951च्या सुमारास तेल अविवमध्ये धरणं धरलं, काही परतलेही. पुढे त्यांच्या ज्यूपणावरच धर्मपीठाने शंका घेतली, लग्नं अडली. 1964 साली संसदेने ठराव करून ते सर्व बाबतींत समान आहेत असं सांगितलं. तेव्हा गोष्टीचं पुस्तक बाजारात येऊन पाच वर्षं झाली होती, आणि डुकराला हाकलणारे शेजारी मुलांना ऐकून माहीत होते.

या गोष्टीत डुकराचं पान मला सगळ्यांत आवडतं. मुंगी आणि ससा शेजाऱ्यांच्या वागण्याला नावं ठेवतात. तो राग निदान समजून घेता येतो. मांजरीने काहीच केलेलं नाही.

भाचीला मात्र डुकराशी कर्तव्य नव्हतं. पुस्तक मिटल्यावर तिने विचारलं, “मावशी, उंदीरमामांचं डिपॉझिट परत मिळालं का?” आमच्या घरी त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता.