एन्कॉस्टिक : मेणाच्या थरांतील निसर्गचित्र

वितळलेल्या मेणात रंगद्रव्य मिसळून चित्र रंगविण्याच्या प्राचीन पद्धतीस ‘एन्कॉस्टिक’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भाजून पक्के केलेले’. इजिप्तमधील फायूमची अनेक व्यक्तिचित्रे याच पद्धतीची. निसर्गचित्रणास ती विशेष मानवते, कारण मेण अर्धपारदर्शक असते. लाकडी फळीवर रंगविलेल्या दूरच्या डोंगरांवर जवळजवळ रंगहीन मेणाचा पातळ थर दिला, की डोंगर धुक्यात गेल्यासारखे भासतात; गवताच्या रेषा मात्र कोरून खालचा रंग उघडा करतात. खरी कसोटी उष्णतेची. प्रत्येक थर खालच्या थराशी तापवून एकजीव करावा लागतो. उष्णता कमी पडली तर थर सुटतात. अधिक झाली तर क्षितिजच वाहून जाते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात डामर राळ घातल्याने थर अधिक कठीण होतो. तरीही असे चित्र उन्हात टांगू नये.