हरितद्रव्याचे सुदूर मापन

पिकाच्या पानांतील हरितद्रव्याचे प्रमाण, पान न तोडता, पानांनी परावर्तित केलेल्या प्रकाशावरून विमानातून वा उपग्रहातून अजमावण्याची पद्धत. पानातील नायट्रोजनाचा मोठा भाग प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत गुंतलेला असतो. म्हणून हरितद्रव्य हे पिकाच्या पोषणाचे निदर्शक मानतात.

मूळ पद्धत रासायनिक होय. डॅनियल आर्नन यांनी १९४९ मध्ये पानाचा अर्क ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये काढून ६६३ व ६४५ नॅनोमीटर तरंगलांबींवरील शोषणावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढण्याची सूत्रे दिली. हे मापन विश्वसनीय असले, तरी त्यात पान नष्ट होते. १९८० नंतरच्या दशकात जपानच्या मिनोल्टा कंपनीचे हस्तमापक प्रचारात आले. पानातून पार होणाऱ्या ६५० व ९४० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ते तुलना करते. त्याचा आकडा सापेक्ष असल्याने तो अर्काच्या मापनाशी ताडून घ्यावा लागतो.

भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ पिकाच्या आजारातूनच झाला. पुण्याच्या उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली १९७० मध्ये केरळमधील नारळबागांची अवरक्त फिल्मवर हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेण्यात आली व त्यांत मूळमर रोगाने ग्रासलेली झाडे ओळखता आली. १९७२ मध्ये अमेरिकेचा लँडसॅट-१ उपग्रह अवकाशात गेल्यावर तांबडा व निकट-अवरक्त प्रकाश यांच्या तुलनेवर आधारलेले वनस्पती-निर्देशांक रूढ झाले. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह प्रक्षेपित झाला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले.

दाट पिकात तांबड्या प्रकाशाचे शोषण लवकरच पराकोटीस पोहोचते व निर्देशांक वाढेनासा होतो. ही अडचण ‘लाल कडे’मुळे कमी झाली. साधारण ६८० ते ७५० नॅनोमीटर दरम्यान पानाचे परावर्तन एकाएकी वाढते आणि हरितद्रव्य जास्त असल्यास ही चढण दीर्घ तरंगलांबीकडे सरकते. २०१५ मध्ये सोडलेल्या युरोपीय सेंटिनेल-२ए उपग्रहावर या पट्ट्यासाठी खास संवेदक आहेत.

परावर्तनावर पानांची दाटी, माती, ओल व सूर्याचा कोन यांचाही परिणाम होतो. म्हणून अलीकडे यंत्र-अध्ययनाचा अवलंब करतात : शेतात मोजलेली हरितद्रव्याची मूल्ये व त्याच जागेचे परावर्तन संगणकास पुरवून त्यांतील संबंध त्याच्याकडून शोधून घेतात. लिओ ब्राइमन यांची अनेक निर्णयवृक्षांचे मत एकत्र करणारी पद्धत (२००१) यासाठी बरीच वापरली जाते. मात्र ज्या मातीतील व वाणांतील नमुन्यांवर संगणक शिकला, त्यांबाहेर त्याचे अनुमान चुकू शकते.

महाराष्ट्रात शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर होते. आयआरएस-१ए च्या ७२.५ मी. चौकटींत असे शेत जेमतेम अडीच चौकटींचे भरे. सेंटिनेलच्या २० मी. चौकटींत ते सु. ३३ चौकटींचे भरते, पण बांधालगतच्या चौकटींत शेजारचे पीक मिसळते. खरिपात ढगांमुळे पुष्कळशी चित्रे निरुपयोगी ठरतात. शिवाय नायट्रोजनाची उणीव, चुनखडीयुक्त जमिनीतील लोहाची कमतरता, साचलेले पाणी व विषाणुरोग या सर्वांनी पान पिवळे पडते. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भाताच्या उत्पादनाच्या अंदाजात सुदूर संवेदनाला किमान ३० टक्के भार देण्यात आला. उपग्रहाच्या आकड्यावर अशा प्रकारे शेतकऱ्याची भरपाई अवलंबू लागल्याने शेतात जाऊन पान तपासण्याचे महत्त्व कमी न होता वाढले आहे.